घाटात थांबलेली अँबॅसिडर

परवा भर दुपारी तुळजापूरच्या घाटात एक जुनी अँबॅसिडर बॉनेट उघडून उभी दिसली. मी थांबलोच. पेट्रोल होतं, बॅटरी ठीक होती, पण गाडीचा पेट्रोल पंप इतका तापला होता की हात लावता येत नव्हता. पंपावर ओला फडका गुंडाळला, वीसेक मिनिटं वाट पाहिली आणि गाडी चालू!

हा व्हेपर लॉक. उष्णतेनं पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या पाइपापासून लांब घेतला की आपल्याकडच्या उन्हाळ्यातही त्रास कमी होतो.

अँबॅसिडर म्हणजे मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमधल्या उत्तरपाड्यात ती २०१४ पर्यंत बनत होती. जुनं मॉडेल घरी दुरुस्त करणाऱ्यांसाठी माझा अनुभव:

🔧 पाने इंची घ्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. १३ चा पाना बसतो, पण ढिला. जाम नटाचे कोपरे झिजतात.

🔋 डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवा. इंजिन संथ चालू असतानाही चार्जिंग होतं. आधी बॅटरीचं अर्थिंग तपासा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत अनेकदा बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. उलटं जोडलं तर अल्टरनेटर जळतो.

⚙️ हेड उघडलंच तर कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. २००० पासून आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल आहे आणि जुन्या सीट शिशाच्या भरवशावर टिकत.

तुमच्या वाड्यात अशी गाडी उभी आहे? काय अडलंय ते विचारा, जमेल तेवढं नक्की सांगेन.