कृत्रिम दंतमुळाची बैठक आणि जबड्याच्या अस्थीवरील ताण

नैसर्गिक दात जबड्यात घट्ट रुतलेला भासतो. वस्तुतः तो हाडाला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. मूळ व हाडाची खोबण यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो आणि चावण्याचा भार प्रथम तोच झेलतो. गेलेल्या दाताच्या जागी टायटॅनियमचे कृत्रिम मूळ, ज्यास व्यवहारात इम्प्लांट म्हणतात, बसविले असता हा थर तेथे नसतो. टायटॅनियमशी हाड सरळ सांधले जाते, हे स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरील प्रयोगांत आढळले; १९६५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रथम रुग्णावर योजिली.

या सांध्यातच पद्धतीचे बळ आहे आणि तिची अडचणही. टायटॅनियमचा स्थितिस्थापकता-गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, तर जबड्याच्या बाहेरील घन अस्थीचा साधारणपणे १० ते २० गिगापास्कल असतो; आतील सच्छिद्र अस्थी त्याहून पुष्कळच मऊ. त्यामुळे कृत्रिम मूळ कलू लागताच ताण त्याच्या सर्व लांबीवर सारखा न पसरता मानेभोवतीच्या घन अस्थीच्या कड्यात एकवटतो.

मूळ कोणत्या दिशेने बसविले, यास म्हणूनच महत्त्व येते. समजा, दातावर १०० न्यूटन भार मुळाच्या अक्षाशी ३० अंशांचा कोन करून पडला. त्याचा सुमारे ८७ न्यूटन भाग अक्षाच्या दिशेने दाबतो, तर ५० न्यूटन भाग आडवा ढकलतो. भाराचे ठिकाण हाडाच्या कडेपासून १० मिलिमीटर उंच असल्यास हा आडवा भाग ५०० न्यूटन-मिलिमीटर इतके आघूर्ण निर्माण करतो. अक्षीय दाब सभोवतालची अस्थी वाटून घेते. या आघूर्णाचा मोठा वाटा मात्र मानेजवळील कड्यावर पडतो.

तथापि, तिरपे मूळ सर्वदा वाईट, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. अनेक मुळे एकाच ताठ पट्टीने जोडली असता मागील मूळ तिरपे ठेवून पट्टीचा अधांतरी भाग आखूड करता येतो आणि त्यामुळे ताण उलट घटू शकतो.

अस्थी ही जिवंत वस्तू आहे. भारानुसार ती आपली रचना बदलते, हे जर्मन शस्त्रवैद्य यूलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये प्रतिपादिले. योग्य भाराने ती टिकते. भार फार उणा झाला तर क्षीण होते आणि अतिभाराने तिची हानी होऊ शकते. मानेजवळची झीज जंतुजन्य दाहानेही होते, तेव्हा सारा दोष ताणावर ठेवता येत नाही. परंतु तंतुथराबरोबर भाराची सूक्ष्म जाणीव देणारे मज्जातंतूही गेलेले असतात. अतिभाराची सूचना रुग्णास वेळेवर मिळेलच, असे नाही. ही दक्षता त्याच्या वतीने, मूळ बसविण्यापूर्वीच, दंतवैद्याने घ्यावयाची असते.