एक गोल आणि सांडलेले पोहे

२०१७ सालची दिवाळी दहा दिवसांवर आली होती. नंदनवनातल्या आमच्या घरी रंगकाम निघाले होते, आणि रंगकाम निघालेल्या घराची काय अवस्था होते ते गृहस्थाश्रमी वाचकांना सांगायला नकोच. कपाटे भिंती सोडून खोलीच्या मध्यभागी येऊन उभी होती, माझी पुस्तके चादरींत बांधली जाऊन पलंगाखाली गेली होती, आणि टीव्ही स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांशेजारी, येऊन बसला होता. जगनाडे चौकाकडे राहणारी माझी धाकटी बहीण मदतीला आली होती. ती आणि माझी पत्नी चिवड्याचे पोहे निवडत होत्या. बहिणीचा दहावीतला मुलगा परातीला अगदी खेटून बसला होता, तो मात्र पोह्यांसाठी नव्हे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत आणि कोलंबिया यांचा सामना चालू होता.

वृत्ते आणि अलंकार शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला फुटबॉलमध्ये काय कळते, असे कोणी विचारील. फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण ती स्पर्धाच तशी होती. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक प्रथमच भारतात भरला होता, आणि यजमान म्हणून आपल्या मुलांना त्यात जागा मिळाली होती. त्याआधी कोणत्याही वयोगटाचा भारतीय संघ फुटबॉलच्या विश्वचषकात खेळलेला नव्हता. तीन दिवसांपूर्वी अमेरिकेने आपल्याला ३-० असे हरवले होते. आज कोलंबिया एका गोलने पुढे होता. पूर्वार्ध संपता संपता राहुलचा फटका खांबावर आपटून परत आला, तेव्हापासून आमचे चिरंजीव भाचे बोलेनासे झाले होते.

रात्रीचे पावणेदहा व्हायला आले होते. ब्याऐंशिव्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कोपऱ्यावरून चेंडू उचलला, मणिपूरचा उंचापुरा जॅक्सन सिंग गर्दीतून वर उडाला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल! "लागला, मामा, लागला!" असे ओरडत भाचा जो उठला तो परातीसकट. निवडलेले पोहे, न निवडलेले पोहे आणि रंगाऱ्याने उडवलेला चुना यांचा एकच काला झाला. आम्ही सारे हसत हसत पोहे गोळा करायला वाकलो. मान वर करून पाहतो तो कोलंबियाच्या पेन्यालोझाने दुसरा गोल केलेला. आपली बरोबरी टिकली ती जेमतेम एक मिनिट. पोहे भरायलासुद्धा त्याहून अधिक वेळ लागला.

तीन दिवसांनी घानाने चार गोल चढवले आणि आपली स्पर्धा आटोपली. तीन सामने, तीन पराभव, केलेला गोल एक, झालेले गोल नऊ. बाकीची स्पर्धा थाटात झाली. सामन्यांना जमलेल्या प्रेक्षकांची बेरीज साडेतेरा लाखांच्या घरात गेली; या वयोगटाच्या विश्वचषकात त्यापूर्वी कधीच इतके लोक आले नव्हते. कोलकात्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असे हरवून चषक नेला. पाहुणे जेवून तृप्त झाले आणि यजमानाचे पोरगे उपाशी निजले, असा काहीसा प्रकार.

या मुलांना तयारीला वेळ मिळाला नव्हता असे नाही. चार वर्षे आधीपासून शिबिरे चालली होती. आधी जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम आणि मग पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस असे दोन परदेशी प्रशिक्षक झाले. मुले देशोदेशी फिरली. २०१६ साली गोव्यात आशियाई स्पर्धा भरवली गेली, तिथे सौदी अरेबियाशी ३-३ अशी झुंज देऊनही आपण गटातच थांबलो. आणि २०१७ च्या मे महिन्यात तर मोठीच बातमी आली: भारताच्या मुलांनी इटलीला इटलीत २-० असे हरवले! देशभर पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. मग इटलीच्या फुटबॉल महामंडळाने सभ्यपणे कळवले की, महाशय, तो आमचा राष्ट्रीय संघ नव्हता. पोरांनी दोन गोल केले होते ते खरेच होते. खोटी होती ती आमची घाई.

माझ्या अल्पमतीप्रमाणे गोम अशी की, आपण मुलांना शिबिरात घडवत होतो आणि समोरचे संघ सामन्यांत घडत होते. अमेरिकेच्या संघातला टिम वेआ हा पॅरिसच्या मोठ्या क्लबात वाढत होता. त्याच्यासारखी मुले दर आठवड्याला तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याशी झुंजत होती. आपल्याकडे पंधरा वर्षांखालील मुलांची देशव्यापी लीग सुरू झाली तीच मुळी २०१५ मध्ये. पोहण्याची पुस्तके वाचून कोणी नदीत उतरत नाही. निदान आमच्या लहानपणी तरी उतरत नसे.

त्या संघात आपला एक मराठी मुलगा होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, वडील रिक्षाचालक. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो तयार झाला. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार अशी नावे फुटबॉल संघांना असतात आणि पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात, हे आम्हा वैदर्भीयांना ऐकूनच ठाऊक. आमच्याकडे फुटबॉलसाठी खपलेला माणूस म्हटले की हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे आठवतात. झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन त्यांनी २००१ साली जे काम सुरू केले, त्यावर नागराज मंजुळे यांनी 'झुंड' काढला (२०२२), तेव्हा कुठे अर्ध्या नागपूरला ते कळले.

आपली पोरे नेहमीच हरत आली असेही नाही. १९७४ साली बँकॉकला आशियाई युवक स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवले गेले. कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली, आणि प्रशिक्षक अरुण घोष, म्हणजे १९६२ मध्ये जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातले. ज्यांनी स्वतः जिंकले होते त्यांच्या हाताखाली मुले जिंकली. त्यानंतर दक्षिण आशियातील स्पर्धांत आपण अनेकदा अजिंक्य ठरलो, पण साऱ्या आशियाचे युवक अजिंक्यपद काही पुन्हा आले नाही.

जवळ मात्र दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा २०१८ सालीच. ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या एका स्पर्धेत आपल्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले. अनिकेतला उत्तरार्धात लाल कार्ड मिळाले, उरलेला सामना आपण दहा जणांनिशी खेळलो, आणि तशातच अन्वर अलीने फ्रीकिकवर दुसरा गोल केला. या वेळी समोर खरोखरच अर्जेंटिना होता. त्याचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी. याच गृहस्थांनी चार वर्षांनी मेस्सीच्या हाती विश्वचषक दिला. अन्वरचे पुढे काय झाले पाहा. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष निघाला, खेळ बंद करा असे सांगण्यात आले. पठ्ठ्या खटपट करून परत आला आणि २०२२ मध्ये मोठ्यांच्या राष्ट्रीय संघातून खेळला.

दुसरी गोष्ट मलेशियातली. गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या सोळा वर्षांखालील संघाने व्हिएतनामला हरवले, इराण आणि इंडोनेशियाला गोल करू दिला नाही, आणि सोळा वर्षांनी आपण या स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोचलो. तो सामना जिंकला असता तर यजमानपणाची मेहरबानी न घेता, स्वतःच्या पायांनी, विश्वचषकात गेलो असतो. दक्षिण कोरियाकडून ०-१ असे हरलो. चार सामन्यांत आपल्यावर झालेला तो एकमेव गोल! पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात याच फर्नांडिस यांच्या मुलांनी अहमदाबादेत इराणला २-१ असे नमवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, तेव्हा मला बँकॉकची ती जुनी बरोबरी आठवली.

मुलींची हकीकत कडू आहे, पण टाळणे बरे नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांचा विश्वचषक भारतात झाला. स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना जागतिक महासंघाने आपल्या महासंघालाच निलंबित केले, नंतर ते निलंबन उठले. मोठ्यांच्या या भांडणातून वाट काढत गुमल्याच्या अष्टम उरांवच्या मुली भुवनेश्वरला मैदानात उतरल्या आणि अमेरिका, मोरोक्को व ब्राझील यांच्याकडून मिळून सोळा गोल खाऊन परतल्या. गोल एकही झाला नाही. त्या संघात पुण्याची काजोल डिसूझा होती.

आता पुन्हा आमच्या स्वयंपाकघराकडे येतो, कारण हा लेख लिहायला बसलो तो खरे म्हणजे तिथल्याच एका गोष्टीसाठी.

त्या दिवाळीनंतर बहिणीकडे एक गृहस्थ आले. मुलांना निवडचाचण्यांना घेऊन जाणारे. त्यांनी भाच्याला खेळताना पाहिले होते. म्हणाले, पोरगा चांगला आहे, डावा पाय तर फारच चांगला. पण पंधरा पुरी झालीत, उशीर झाला. जन्मतारीख दोन वर्षे अलीकडे आणून घ्या, म्हणजे चौदाच्या आतल्या संघात बसवतो. कागदाचे मी पाहतो. चहा पिता पिता, साखर थोडी कमी चालेल अशा स्वरात त्यांनी हे सांगितले.

ही कीड जुनी आहे आणि जगभर आहे. तिच्यासाठीच २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मुलांच्या मनगटाची एमआरआय तपासणी करू लागले. मनगटाजवळ हाडाच्या टोकाशी वाढीची एक पट्टी असते. वयाबरोबर ती हाडात मिसळून जाते. ती पुरी मिसळलेली दिसली की मुलगा सतराच्या आतला असणे जवळजवळ अशक्य. दाखला काहीही बोलो, हाड आपली तारीख सांगते. पण हे यंत्र मोठ्या स्पर्धांच्या दारात. गल्लीतल्या चाचणीत मोठा मुलगा लहान होऊन उतरतो, धिप्पाडपणावर निवडला जातो, आणि खऱ्या वयाचा बारीक, चपळ मुलगा बस पकडून घरी जातो. देशाच्या संघाला पुढे जी उणीव भासते तिची सुरुवात इथे कुठेतरी होत असावी.

आमचे वडील शाळामास्तर होते. त्यांच्या मुलीला ते बोलणे सोसवले नाही. गृहस्थ गेल्यावर ती तडक माझ्याकडे आली. "दादा, तूच सांग आता. याचं काय करू?"

मी गंभीर चेहऱ्याने निवाडा दिला. जिथे पहिली पायरीच खोटी, तिथे आपल्या मुलाने जायचे नाही. खेळ पुरे, अकरावीचा क्लास लावा. बोललो ते तत्त्वाचे होते. पण मनात तेव्हा जन्मतारीख नव्हती, अभियांत्रिकीची प्रवेशयादी होती. त्या गृहस्थांचा खोटेपणा माझ्या फारच सोयीचा पडला. भाचा दाराशी उभा होता. काही बोलला नाही. बूट त्याने स्वतःच माळ्यावर टाकले.

तो अभियंता झाला, पुण्यात नोकरीला लागला, सगळे सुरळीत आहे. अर्जेंटिनाला हरवल्याचे मला त्याच्याकडूनच कळले होते. "दहा जणांत जिंकले" एवढाच निरोप फोनवर होता. गेल्या वर्षी सुट्टीत आला तेव्हा आम्ही सक्करदऱ्याकडे फिरायला गेलो. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत पोरे खेळत होती. चेंडू आमच्याकडे आला, त्याने डाव्या पायाने तो उचलून नेमका एकाच्या छातीवर दिला. पोरगा म्हणाला, "वा भाऊ, येऊन जा नं खेळायला!" तो हसला आणि चालू लागला.

थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, त्या माणसानं खोटी तारीख मागितली, ते वाईटच होतं. पण खऱ्या तारखेवर मला एकदा पाठवून पाहायला काय झालं होतं?"

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांवर पगार घेतो. तळ्याला वळसा घालून आम्ही परत आलो तरी मला एकही सुचला नव्हता. घरी बहीण पोह्यांची परात पुढे घेऊन बसली होती. त्याला पाहताच तिने ती जरा आपल्याकडे ओढून घेतली.