टक्केवारी ऐकली की आधी विचारा, 'किती जणांपैकी?'

आपल्या समाजाबद्दल रोज कुठली ना कुठली टक्केवारी कानावर येते. इतके टक्के मुली शाळा सोडतात, इतके टक्के मुले मदरशात जातात. आकडा वाचून आपण एकतर घाबरतो, नाहीतर चिडतो आणि पुढच्या ग्रुपवर ढकलून देतो. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करून घेण्याची ताकीद आहे. टक्केवारी हीसुद्धा एक खबरच आहे. तिची शहानिशा करायला लागणारे गणित दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'संभाव्यता' या प्रकरणात आहे. उर्दूत त्यालाच एहतेमाल म्हणतात. पुस्तकात ते फासे, नाणी आणि पत्त्यांवर शिकवतात. आपण ते मोहल्ल्यावर करून बघू.

मोजणी आधी, अंदाज नंतर

समजा, कर्जतमधल्या एका जमातीने मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरी जाऊन १५ ते १८ वयाच्या मुलामुलींची माहिती लिहून घेतली. (हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.)

- मुलगे ५०: शिकतात ३५, शिक्षण सुटले १५
- मुली ४०: शिकतात २४, शिक्षण सुटले १६
- एकूण ९०: शिकतात ५९, शिक्षण सुटले ३१

आता या ९० नावांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या आणि डोळे मिटून एक काढली. शिक्षण सुटलेल्या मुलाची किंवा मुलीची चिठ्ठी निघण्याची संभाव्यता किती? वर ३१, खाली ९०. भागाकार ०.३४, म्हणजे सुमारे ३४ टक्के. शिकणाऱ्याची चिठ्ठी निघण्याची संभाव्यता उरलेली, म्हणजे ६६ टक्के. दोन्ही मिळून १०० झाले पाहिजेत. नाही झाले तर मोजणीत कुठेतरी चूक आहे, असे समजा.

सूत्र एवढेच: ज्यांच्याबद्दल विचारले ते वर, ज्यांच्यातून निवडायचे ते खाली. वरचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. गोंधळ होतो तो खालच्या आकड्यात.

१६ आणि १५ सारखे नाहीत

याच यादीवरून कमिटीतला एखादा म्हणेल, "शिक्षण सुटलेल्या ३१ जणांत मुली १६ आणि मुलगे १५. जवळजवळ बरोबरच आहे की! मुलींसाठी वेगळे काही करायची गरज नाही."

मोजणी बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकला. मोहल्ल्यात त्या वयाच्या मुली मुळात कमी आहेत. म्हणून मुलींचा हिशेब ४० वर आणि मुलग्यांचा ५० वर करायला हवा. मुलींमध्ये १६ भागिले ४०, म्हणजे ४० टक्के. मुलग्यांमध्ये १५ भागिले ५०, म्हणजे ३० टक्के. दर दहा मुलींमागे चौघींची शाळा सुटली, तर दर दहा मुलग्यांमागे तिघांची. फरक चांगलाच आहे. खालचा आकडा ३१ धरला म्हणून तो झाकला गेला.

प्रश्न उलटा केला की उत्तर बदलते

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला. मुस्लिम मुले मदरशातच शिकतात, हा समज तेव्हाही होता. समितीने आकडे तपासले तेव्हा शिकण्याच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी ३ ते ४ टक्क्यांच्या आसपासच निघाली. म्हणजे १०० मुस्लिम मुलांतून चिठ्ठी काढली, तर ती मदरशातल्या मुलाची असण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के.

मग लोकांचा समज एवढा वेगळा का? कारण ते उलटा प्रश्न विचारतात. मदरशातल्या १०० मुलांपैकी मुस्लिम किती? जवळपास सगळी. दोन्ही प्रश्नांत वरचा आकडा एकच आहे, मदरशात शिकणारी मुस्लिम मुले. पण पहिल्या प्रश्नात खाली सगळी मुस्लिम मुले आहेत, दुसऱ्यात फक्त मदरशातली मुले. 'मदरशातली मुले मुस्लिम असतात' यावरून 'मुस्लिम मुले मदरशात असतात' असे सिद्ध होत नाही. पुढच्या वेळी कुणी हा वाद घातला तर आवाज चढवू नका, खालचा आकडा विचारा.

'निदान एक' कसे काढायचे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. हा आकडा सर्व धर्मांच्या स्त्रियांचा मिळून आहे.

राज्यभरातून या वयाच्या पाच स्त्रिया चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर त्यांच्यात निदान एकीचे लग्न १८ च्या आत झालेले असण्याची शक्यता किती? असा हिशेब सरळ करण्यापेक्षा उलटा करणे सोपे. एकीचेही तसे झालेले नसण्याची संभाव्यता आधी काढा: ०.७८१ ला पाच वेळा घेऊन गुणायचे, उत्तर सुमारे ०.२९. ते १ मधून वजा केले की ०.७१. म्हणजे ७१ टक्के.

२२ टक्के ऐकताना कमी वाटतात. पाच जणींचा विचार केला की प्रश्न किती जवळचा आहे ते कळते. मात्र हा गुणाकार वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या स्त्रियांनाच लागू होतो. एका घरातल्या पाच बहिणींना नाही, कारण तिथे एकीचे लवकर झाले तर दुसरीचेही होण्याची शक्यता वाढते. शिवाय हा राज्याचा आकडा आहे. राशीन किंवा मिरजगावची परिस्थिती त्यावरून ठरवता येणार नाही. ती तिथेच जाऊन मोजावी लागते.

विचारले कुणाला?

जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीच्या दारात उभे राहून १०० जणांना विचारले, तर १०० उत्तरे मिळतील. पण ती नमाजला आलेल्या पुरुषांची. घरातल्या बायका, पुण्याला कामाला गेलेली मुले आणि त्या वेळी दुकानावर बसलेले लोक त्यात नाहीत. अशा उत्तरांवरून 'मोहल्ल्याचे मत' सांगणे चुकीचे ठरते, मग १०० च्या जागी ५०० जणांना विचारले तरीही.

घरोघर जाऊन सगळ्यांना विचारणे शक्य नसेल, तर घरे चिठ्ठ्या टाकून निवडा. अशा निवडीत चूक किती होऊ शकते, याचा ढोबळ अंदाज असा: १ ला विचारलेल्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. १०० जणांना विचारले तर उत्तर साधारण १० टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकते, ४०० जणांना विचारले तर ५ टक्क्यांनी. म्हणून २५-३० जणांच्या उत्तरांवर '५२ विरुद्ध ४८' असा निकाल लावू नये.

हिशेबाचा उपयोग

वरच्या उदाहरणात शिक्षण सुटलेल्या १६ मुलींपैकी ९ जणींनी 'कॉलेज लांब आहे' असे कारण सांगितले, असे धरा. ९ भागिले १६, म्हणजे ५६ टक्के. मग पहिले काम शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचे नाही, तर एसटीच्या वेळेसाठी आगाराकडे जाण्याचे आणि पासची चौकशी करण्याचे आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. 'आमच्या मुली शिकत नाहीत' एवढेच बोललो तर आपण त्यांनाच दोष देत बसतो. नेमका आकडा हातात असला तर मागणी करता येते.

म्हणून जमातीने, बचत गटाने किंवा मोहल्ल्यातल्या तरुणांनी सर्वेक्षण करताना नुसती टक्केवारी लिहू नये. मूळ संख्या लिहावी, मुलगे आणि मुली वेगळे मोजावेत, कारणासाठी एक रकाना ठेवावा. आणि हे काम दहावीच्या मुलामुलींना द्यावे. त्यांची संभाव्यता पक्की होईल, आणि इन्शाअल्लाह, शाळा सुटलेल्या एखाद्या मुलीचे नाव वेळेवर कमिटीसमोर येईल.