पादुकांमागची पायताणे

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने देहूरोड मागे टाकले की जे चिमुकले स्थानक येते, आणि ज्याची पाटी वाचून होते न होते तोच गाडी सुटलेली असते, त्या बेगडेवाडीस उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीस प्रथम पडतो तो घोरावडेश्वराचा डोंगर. त्याच्या कड्यात प्राचीन बौद्ध लेणी कोरलेली असून त्यांतल्याच एकात आता महादेव नांदतो. भंडारा आणि भामचंद्र यांच्या जोडीने तुकोबांच्या एकांतवासाचा डोंगर म्हणूनही परंपरा यालाच ओळखते. देहू येथून पायी गाठावी इतकी जवळ आहे. त्यामुळे या टापूत वैशाख संपत आला की घराघरांतून वारीच्या गोष्टी निघू लागतात, आणि पहिल्यानेच निघणाऱ्या मनुष्याच्या तोंडी, रजेची आणि अंथरूण-पांघरुणाची तजवीज झाल्यानंतर, एक प्रश्न हमखास येतो : पायांत काय घालावे?

प्रश्न दिसतो क्षुल्लक. तथापि ज्या सोहळ्यात लक्षावधी माणसे पादुकांच्या मागून चालतात, त्या सोहळ्यात तरी पादत्राणाचा विचार हलक्यावारी नेऊ नये. इ. स. १६८५ साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, तेव्हापासून ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून त्या निघतात. त्यांना सराटीस नीरेचे स्नान घडते, काटेवाडीस परीट समाजाची मंडळी त्यांच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि त्यांच्या मागून जी माणसे चालतात त्यांच्या पायांतल्या वहाणांची मात्र वाटेवर कोणी वास्तपुस्तही करीत नाही. करतो तो एक चांभार, त्याच्याकडे मी शेवटी येईन.

आधी थोडा हिशेब मांडू. देहू ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे. पाऊल दोन फुटांचे धरले तर चार लाख पावले होतात, म्हणजे प्रत्येक पाय दोन लाख वेळा उचलावा लागतो. आता तुमची एक चप्पल शेजाऱ्याच्या चपलेहून शंभरच ग्रॅम जड आहे असे समजा. पंढरपूर दिसेपर्यंत तुमच्या एका पायाने शेजाऱ्याच्या पायापेक्षा वीस हजार किलो, म्हणजे दोनशे क्विंटल, वजन अधिक उचललेले असते. पायावरचे वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनाहून कितीतरी पटींनी जास्त दमवते. दुकानात चप्पल तळहातावर तोलून पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना तरुण विक्रेते हसतात, पण खरी परीक्षा ते म्हातारेच करीत असतात.

वजनानंतर वाट. मावळातल्या माणसाची फसगत होते ती येथे. आपला पाऊस, आपले शेवाळलेले कातळ आणि लोहगड, विसापूर, तिकोना यांच्या निसरड्या वाटा डोळ्यांपुढे ठेवून तो खोल दात्यांच्या तळाचे, जाडजूड, गडावर चढण्याच्या बेताचे सँडल घेतो. आणि वारीची वाट तर बहुतेक सारी डांबराची आणि सिमेंटची असते. सन २०२१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते ज्याच्या रुंदीकरणाची कोनशिला बसली, तो संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्गांत गणला जातो. रोटीच्या घाटासारखा अपवाद सोडला तर त्यावर चढण अशी फारशी नाहीच. सपाट आणि कठीण रस्त्यावर खोल दात्यांचा काही उपयोग होत नाही. उलट ते झिजतात वाकडे, आणि पुढे इंदापूर-अकलूजकडे मुक्कामाच्या रानात काळ्या मातीत शिरावे लागले की दात्यांच्या फटींत ती माती अशी पैवस्त होते की प्रत्येक पायाखाली शेरभर चिखल घेऊन चालावे लागते. वारीसाठी तळ हवा तो उथळ नक्षीचा, रुंद, टाचेखाली बोटभर जाड. चवड्याजवळ वाकणारा, पण मधल्या कमानीपाशी न वाकणारा. दोन्ही हातांत धरून चप्पल दुमडून पाहावी : ती मधोमध वर्तमानपत्रासारखी घडी होत असेल तर ती बाजारहाटापुरती ठीक.

तळाच्या द्रव्याविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यात माझा स्वतःचा अनुभव कडू आहे. हल्लीच्या सँडलांत पायाकडचा थर बहुधा ईव्हीए नावाच्या फेसाळ, हलक्या पदार्थाचा असतो आणि जमिनीकडचा रबराचा. ईव्हीए पायाला मऊ लागते, परंतु आठ दहा दिवसांच्या अखंड चालीने टाचेखाली दबून जाते. रबर जड, पण टिकाऊ आणि ओल्या रस्त्यावर पकड धरणारे. यांखेरीज एक तिसरा पदार्थ आहे, पॉलियुरेथेन, ज्याला दुकानदार थोडक्यात पीयू म्हणतात. त्याचा तळ सुबक आणि आरामशीर असतो, मात्र हवेतील बाष्प त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडीत राहते, वापरा अथवा न वापरा. मी असा एक जोड, पुढेमागे वारीस उपयोगी पडेल म्हणून, चार पावसाळे माळ्यावर खोक्यात जपून ठेवला होता. वरून नवाकोरा. यवतच्या अलीकडे त्याचा उजवा तळ शिळ्या भाकरीसारखा भुगा होऊन रस्त्यावर सांडला आणि डावा त्याच संध्याकाळी त्याच्या मागोमाग गेला. जपून ठेवल्याने नासणारी अशी वस्तू मावळच्या दमट हवेत कशी टिकावी? पीयूचा जोड घेतलाच तर तो त्याच वर्षी झिजवावा.

जुन्या वारकऱ्यांना ही विवंचना नव्हती. त्यांच्या पायांत असे ते चामड्याचे पायताण, आणि ते कसे बनते हे पाहण्यासारखे आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले कातडे, थरावर थर ठेवून चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, दोन्ही बाजूंना कान, वर पट्टा आणि अंगठा. अस्सल कोल्हापुरीत खिळा म्हणून नसतो. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन लाभले आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या पेढीने मिलानच्या प्रदर्शनात तिच्याच घाटाची चप्पल प्रथम तिचे नावही न घेता मिरविली, तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब उडाला तो वाचकांस आठवत असेल. पण अभिमान निराळा आणि आषाढ निराळा. कोल्हापुरी ही कोरड्या ऋतूची चप्पल. चार सरी अंगावर घेतल्या की तिचा तळ फुगतो, कान सैल पडतात, आणि रात्रभरात न वाळल्यामुळे सकाळी ती थंडगार, बुळबुळीत लागते. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला पायी येणाऱ्यांनी ती खुशाल घालावी. आषाढीच्या वाटेला नको. खेड्यापाड्यांतल्या कष्टकऱ्यांनी यावर तोड काढली ती जुन्या टायरच्या तळाची. ही चप्पल दिसायला ओबडधोबड, वजनाला जड, पण काटा तिच्यातून वर येत नाही आणि पाणी तिचे काही बिघडवीत नाही. ती ज्याच्या पायाला वर्षानुवर्षे सरावली आहे त्याने ती बदलण्याच्या भानगडीत पडू नये, असेच मी म्हणेन. सरावलेल्या पायाला नव्या शास्त्राची गरज क्वचितच असते.

मापाचे प्रकरण मोठे मौजेचे आहे. आपण दुकानात सातचा किंवा आठचा जोड मागतो तो इंग्रजी मापाने, आणि त्या मापातले एका अंकाचे अंतर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, मुळात जवाच्या एका दाण्याची लांबी. आपल्या प्राचीन मोजणीतही आठ यवांचा एक अंगुल होतोच. म्हणजे धान्य दोघांचे एकच, फक्त त्यांनी दाणा उभा धरला आणि आपण आडवा. परंतु इंग्रजी माप लांबीचे, आणि आपली पावले पुष्कळदा रुंदीला भरतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजून 'भा' या नावाची एतद्देशीय मापपद्धती सुचविली आहे ती याच कारणाने. ती बाजारात रुळेपर्यंत आपणच काळजी घ्यावी : खरेदीस सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजलेले असतात आणि वाटेवर ते याहूनही सुजणार आहेत, दोन पावलांपैकी जे मोठे असेल त्याच्या मापाने घ्यावे, आणि पुढे बोटांपाशी एका बोटाची जागा राहील, पण करंगळी काठावरून खाली उतरणार नाही, असे पाहावे.

आता पट्ट्यांकडे वळू. माझ्या मते निवडीचे मर्म येथे आहे आणि दुकानदार नेमके येथेच मौन पाळतात. टाचेमागे पट्टा नसलेली चप्पल पायात राहते ती बोटांच्या पकडीने. चार लाख पावले बोटे अशी आवळून धरायची म्हणजे पोटऱ्यांत गोळे आलेच, आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली ती निराळीच. शिवाय दिंडीत माणसे ओळीने, टाळाच्या ठेक्यावर, एकमेकांच्या इतकी निकट चालतात की मागच्याचा पाय पुढच्याच्या चपलेवर पडतोच पडतो. चप्पल तेथेच राहते आणि माणूस पुढे जातो. म्हणून टाचेचा पट्टा अवश्य हवा. परंतु वारी म्हणजे नुसते चालणे नव्हे. पहाटे पादुकांच्या पूजेला चप्पल काढायची, न्याहारीच्या पंगतीला काढायची, विसाव्याला, कीर्तनाला, समाज आरतीला, वाटेतल्या प्रत्येक देवळाच्या पायरीला काढायची. कोणी 'माऊली' म्हणून पायांवर वाकला तर उलट त्याच्या पायांवर वाकण्याआधी पुन्हा काढायची. दिवसातून वीस-पंचवीस वेळा जी उतरवावी लागते ती वहाण वाकून, बंद सोडवून, बोटांनी ओढून काढावी लागत असेल तर तिसऱ्या दिवशी माणूस आरती चुकवू लागतो! एका हाताने सुटेल आणि न पाहता लागेल असा टाचेचा बंद निवडावा. चिकटपट्टीचा बंद सोयीचा खरा, पण त्यात चिखलाचे कण बसले की त्याची पकड जाते; त्यासाठी जुना दात घासण्याचा ब्रश सामानात ठेवावा. आणि काढलेला जोड पिशवीत घालून जवळ बाळगावा, कारण देवळाबाहेर ठेवलेली नवी चप्पल ही आपल्या समाजात अद्याप सार्वजनिक मालमत्ता मानली जाते.

कित्येकजण अनवाणी चालतात. त्यांच्या नवसाविषयी मी काही बोलणार नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र तो मार्ग धरू नये, कारण त्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावलेली असू शकते, आणि खडा रुतला, डांबराने भाजले, फोड फुटला तरी ते त्यांना रात्री पाय धुताना रक्त दिसले म्हणजे कळते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यास कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलांचा पाठपुरावा केला; एमसीआर या नावाने औषधांच्या दुकानांतून मिळणाऱ्या मऊ चपला त्याच घराण्यातल्या. टाचेस पट्टा असलेली एमसीआर चप्पल मिळते, आणि अशा यात्रेकरूस तीच इष्ट. अंगठ्याची नको, आणि रोज रात्री तळवा आरशात पाहिल्यावाचून झोपू नये. इतरांना फोड येतात ते घर्षण आणि ओल यांच्या संयोगाने. फोड आला तर वरची कातडी काढू नये. ती निसर्गाने घातलेली मलमपट्टीच असते.

नवा जोड घेऊन प्रस्थानाला जाणे हा शुद्ध अविचार होय. वैशाखात खरेदी करावी. वैशाख वद्य एकादशीस तो घालून येथून देहूस पायी जावे, इंद्रायणीत पाय बुडवून ओल्याच पट्ट्यांनी परत यावे, जेथे लाल होईल ती जागा लक्षात ठेवावी. निर्जला एकादशीस पुन्हा जावे. मधल्या दिवसांत घोरावडेश्वराच्या पायऱ्या आहेतच. उतरताना बोटे पुढच्या काठावर आदळत असतील तर तो जोड आपला नव्हे, हे वारीच्या आधी कळलेले बरे.

माझा तळ भुगा झाला त्या संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली. पालखीच्या वाटेवर ठिकठिकाणी चांभार आपली आरी, दाभण, दोरा मांडून बसतात आणि वारकऱ्यांच्या वहाणा फुकट सांधून देतात. त्यांची ती सेवा. अशा एकासमोर मी माझे दोन्ही अवशेष ठेवले. त्याने ते उलटेसुलटे करून पाहिले, "याला टाका धरायचा नाही, माऊली," म्हणाला, आणि मागच्या ढिगातून कोणीतरी टाकून दिलेला टायरचा तळ काढून, माझ्याच पट्ट्या त्याला अर्ध्या तासात शिवून दिल्या. पैसे घेईना. मी आग्रह करू लागलो तसा तो उठला आणि माझ्या पायांवर वाकला. पायांत माझ्या काहीच नव्हते, नवे पायताण त्याच्या आरीशेजारी पडले होते, मीही वाकलो.