वाड्याचे लाकूड आणि सुताराचे हात

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या मार्गावरील अनसिंग असो वा वऱ्हाडातील तसेच एखादे बाजारपेठेचे गाव, जुना वाडा पाडावयाचे ठरले, की घरात प्रथम चर्चा होते ती सिमेंट-सळईच्या खर्चाची. खांब, तुळया, कड्या आणि चौकटी यांचा व्यवहार बहुधा शेवटी, तोही उक्ता उरकला जातो. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापारी कुटुंबांची येथे दुहेरी हानी होते. मौल्यवान सागवान हातचे जाते आणि ते पारखणारा, उतरविणारा सुतारही कामावाचून दुरावतो.

जुन्या वाड्याची बांधणी लक्षात घेतली, तर ही हानी उमगते. दगडी उथळ्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचे धाबे, असा हा क्रम. सांध्यांत खिळे थोडेच. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यात लाकडी खुंटी वा पाचर ठोकलेली असे. त्यामुळे जाणता सुतार खुंट्या काढून सारा सांगाडा सुटा करू शकतो. घणाचे घाव घातले, तर हेच सांधे प्रथम फाटतात.

सागात नैसर्गिक तेल असल्याने त्यास वाळवीचा उपद्रव कमी होतो. नवी ओली फळी सावलीत सुकविण्यास दर इंच जाडीमागे सुमारे एक वर्ष धरण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. वाड्यातील लाकूड मात्र केव्हाच सुकलेले असते, म्हणून ते सहसा वाकत वा पिळत नाही. भिंतीत गाडलेली टोके आणि गळतीखालच्या कड्या तेवढ्या तपासाव्या लागतात. सुतार लाकडावर ठोकून आवाज ऐकतो आणि पोकळ वाटले, तर तेथे टोच मारून पाहतो.

हिशेबही सोपा आहे. सहा इंच रुंद, सहा इंच जाड आणि आठ फूट लांब खांब म्हणजे २ घनफूट लाकूड. असे बारा खांब असतील, तर २४ घनफूट. तुळया, कड्या आणि चौकटी वेगळ्याच. ही मोजणी न करता दिलेला उक्ता भाव म्हणजे वजन न करता विकलेले धान्य होय.

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी शिकविलेली असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे वर्णिली आहेत. तेथे वाणिज्य आणि शिल्प एकाच पंक्तीत आहेत. श्रावकाचाराने वनकर्म, अर्थात वृक्षतोडीवरील उपजीविका, पंधरा कर्मादानांत गणून त्याज्य मानली आहे. त्या दृष्टीने पूर्वीच तोडलेल्या लाकडाला दुसरे आयुष्य देणे, हे काटकसरीहून काही अधिक ठरते.

ही विद्या टिकावयाची, तर तिला काम मिळाले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत समाविष्ट असलेल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य मिळते. परंतु रंधा किती दाबावा, पटाशी कोणत्या कोनात धरावी, हे हाताला कळते ते प्रत्यक्ष कामावरच.

म्हणून वाडा उतरविण्यापूर्वी प्रथम अनुभवी सुतारास बोलवावे. प्रत्येक नगावर खडूने क्रमांक घालून त्याच्या मापाची वही करावी. करवतीखाली जाण्यापूर्वी लाकडातील खिळे काढून घ्यावेत. त्याच लाकडातून नव्या घराची दारे, जिन्याच्या पायऱ्या, पेढीवरील मेज घडविता येते. काम चालू असता घरातील मुलामुलींना सुट्टीचे चार दिवस सुताराजवळ बसवावे, गुण्या लावून काटकोन पाहू द्यावा, एखादी फळी रंधू द्यावी. मालाची पारख ज्यांना वारशाने मिळाली आहे, त्यांना तो माल घडविणाऱ्या श्रमाचीही पारख त्यातून होईल.