केंद्रकाच्या दारापर्यंत साठ वर्षं

साखरेच्या लांब साखळीला धरून जनुकीय मजकूर पेशीत शिरवता येतो, या कल्पनेने आता साठी गाठली. १९६५ साली वाहेरी आणि पागानो यांनी पोलिओ विषाणूचा आरएनए पेशींत घालण्यासाठी डीईएई-डेक्स्ट्रान वापरलं. डेक्स्ट्रान ही जिवाणूंनी विणलेली बहुशर्करा. तिला रसायनाने धनभार दिला की ऋणभारित आरएनए तिला चिकटतो. १९९५च्या सुमारास कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचा याच कामी प्रयोग झाला, तोही भाराच्याच जोरावर. मेळघाटातल्या धावड्याच्या डिंकाकडे कर्करोगाच्या पेशींच्या केंद्रकापर्यंत जनुकीय औषध नेणारं वाहन म्हणून बघताना नेमका हाच भार आडवा येतो. बडनेरा-अमरावतीकडे हा डिंक हिवाळ्यातल्या लाडवांत जातो, औषधनिर्मितीत तो तेल-पाणी एकजीव ठेवतो. पण त्यात ग्लुक्युरॉनिक आम्ल असल्याने तो स्वतःच ऋणभारित आहे, म्हणजे डीएनएला धरणार नाही. धनभार द्यायचा तर त्याची रासायनिक घडण बदलावी लागते, आणि मग ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हा लाडका दावा सोडून द्यावा लागतो. तसाही तो कच्चाच होता. डुकराच्या आतड्यापासून काढलेलं हेपॅरिन ही नैसर्गिक बहुशर्कराच, तरी २००८ साली तिच्यातली भेसळ नेहमीच्या चाचण्यांतून निसटली आणि अमेरिकेत रुग्ण दगावले. दोष भेसळ करणाऱ्यांचा, हे खरं. पण जिच्या साखळ्या मुळातच एकसारख्या नसतात, तिच्यात दुसरी साखळी सहज लपते.

माझ्या मते साखरेने या साठ वर्षांत कमावलं ते पत्त्याचं काम, वाहनाचं नव्हे. यकृताच्या पेशी ओळखतात ती गॅलनॅक ही साधी शर्करा जोडून गिव्होसिरान हे औषध २०१९ मध्ये मंजूर झालं. ते कर्करोगावरचं नाही, आणि त्याचं काम केंद्रकाबाहेरच उरकतं. यावर कोणी म्हणेल, मग केंद्रक हवंच कशाला? जनुकाचा संदेश गप्प करायचा तर नकोच. स्टार्चपासून होणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनवर आधारलेल्या कणांनी रुग्णांच्या गाठीत तेवढं करून दाखवलं, ते २०१० साली ‘नेचर’मध्ये आलं, औषध मात्र झालं नाही. जनुकच बदलायचं किंवा नवं बसवायचं, तर केंद्रक टळत नाही. त्याच्या दारांतून चाळीसेक नॅनोमीटरपलीकडचं काही सहसा आत जात नाही आणि बहुशर्करांचे कण बहुधा शंभरावर असतात. कर्करोगाच्या पेशी विभागतात तेव्हा केंद्रकाचं आवरण विरतं, ही दुसरी हरकत अर्धीच खरी आहे. गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच वेळी विभागत नाहीत, आणि रोग उलटतो तो मागे राहिलेल्या पेशींतून.

म्हणूनच आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या नेक्सकार१९ उपचारात केंद्रकापर्यंतची मजल विषाणूच मारतो, आणि तीही शरीराबाहेर काढलेल्या टी-पेशींत. साखरेला ही जागा घ्यायची असेल तर फ्रान्समधल्या मॉन्सिन्यी यांच्या गटाचं १९९०च्या दशकातलं काम पुन्हा उघडावं. शर्करा जोडलेली प्रथिनं केंद्रकात प्रवेश देणाऱ्या नेहमीच्या खुणेवाचून, वेगळ्या वाटेने आत शिरतात, असं त्यांना आढळलं होतं. धावड्याच्या डिंकावर काम करू बघणाऱ्याने चमकणारी खूण लावलेल्या औषधाने पेशी चमकली एवढ्यावर न थांबता केंद्रकं वेगळी काढून आत किती पोचलं ते मोजावं.