दसऱ्याचा यंत्ररथ

विजयादशमीस घरोघर शस्त्रांबरोबर वाहनांचीही पूजा होते. बैलगाडी, सायकल, मोटार, सर्वांस झेंडूची माळ व हळदकुंकू मिळते. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची हेळसांड पूर्ववत सुरू होते. वाहनाचा मान वर्षानुवर्षे कसा राखावा हे ज्यांस पाहावयाचे असेल, त्यांनी एखादा दसरा कोल्हापुरास घालवावा, अशी आमची शिफारस आहे.

आमचे चिचगड देवरी तालुक्याच्या रानात, तर कोल्हापूर महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकास. तथापि गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापुरासच जाऊन थांबते, ही इकडील मंडळींची मोठीच सोय आहे. प्रवास चोवीस तासांहून अधिक. तेव्हा मुलेबाळे बरोबर असल्यास दशम्यांचा डबा भरपूर घ्यावा.

दसऱ्याच्या सायंकाळी तेथील दसरा चौकात अंबाबाईची व भवानीची पालखी येते, शमीपूजन होते आणि सोने लुटण्यास एकच झुंबड उडते. या सोहळ्यास छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी मेबॅक नावाच्या जुन्या जर्मन मोटारीतून येतात, अशी प्रथा आहे. ही गाडी छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील. ती कारकीर्द 1922 ते 1940 अशी होती. मेबॅकचा कारखाना प्रथम झेपेलिन या आकाशनौकांची एंजिने बनवी. 1921 मध्ये त्याने स्वतःची मोटार लोकांपुढे आणली; दुसऱ्या महायुद्धाने ते काम बंद पाडले. त्या अवधीत बांधलेल्या गाड्यांची संख्या दोन हजारांच्याही आत आहे. अशा गाडीचा एखादा भाग झिजला, तर दुकानात जाऊन नवा मागण्याची सोय कोठली? तो कोणातरी कारागिराने मापे घेऊन घडवावा लागतो. गर्दीतील लोक गाडीत बसलेल्यांकडे पाहतात. आमचे लक्ष मात्र गाडीच्या चाकांकडे व तिच्या चालीकडे जाते. ती चालते आहे, यातच कोणाचे तरी श्रम बोलत असतात.

जुन्या मोटारी रस्त्यावर आणण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत फार वाढला आहे. इंग्लंडात 1865 च्या कायद्याने यंत्रवाहनापुढे साठ यार्डांवर तांबडे निशाण घेतलेला मनुष्य चालवावा लागे. पुढे असले निर्बंध सैल होत गेले, आणि 1896 मध्ये पुढे मनुष्य चालविण्याची अटच उठून वेगाची मर्यादा ताशी 14 मैल झाली. त्या आनंदात 14 नोव्हेंबर 1896 रोजी मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत मिरवणूक काढली. तिच्या स्मरणार्थ आजही दर नोव्हेंबरात 1905 पूर्वीच्या गाड्या त्याच वाटेने धावतात. आपल्याकडे ‘स्टेट्समन’ पत्राने 1964 मध्ये दिल्लीस असा मेळावा सुरू केला. या मेळाव्यांत जी गाडी स्वतःच्या बळावर धावते तिचे कौतुक. ढकलत आणलेल्या सुंदर गाडीस तो मान नाही. परीक्षकही रंगाच्या झळाळीपेक्षा मूळचे भाग किती राहिले आहेत, हे निरखून पाहतात.

कोणी म्हणेल, हे राजेरजवाड्यांचे चोचले. पांढरपेशा कुटुंबाचा त्याशी काय संबंध? संबंध आता आला आहे. केंद्र सरकारने 2021 साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुने खाजगी वाहन, मग ते दुचाकी असो वा चारचाकी, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. सांगाडा, वरचे शरीर व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही मुख्य अट. नव्या नोंदणीस 20,000 रुपये पडतात व ती दहा वर्षे टिकते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट कित्येक वकील-डॉक्टरांच्या दारात होती. तिचेच रूप पुढे पद्मिनी झाले, आणि मुंबईच्या टॅक्सींतून ती 2023 साली निवृत्त झाली. आजोबांची ती फियाट किंवा वडिलांची स्कूटर आज या पन्नाशीत आली असेल, आणि घरात तिच्या मोडीच्या भावाची चर्चाही चालली असेल.

मोडीत काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. जुने एंजिन धूर फार ओकते, जुने ब्रेक आजच्या वेगास पुरे पडत नाहीत. म्हणूनच व्हिंटेज वाहन नित्याच्या रहदारीस वा धंद्यास वापरण्याची मनाई आहे. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यापुरतेच ते बाहेर काढता येते. हा निर्बंध आम्हांस योग्य वाटतो. परंतु विकण्यापूर्वी विचार करावा, तो दोन गोष्टींचा. एक, सर्व कागद व मूळचे सुटे भाग जपून ठेवले आहेत काय? हौसेने एंजिन बदलले की मोल गेले. दुसरी व अधिक महत्त्वाची गोष्ट, ते वाहन दुरुस्त करू शकणारा मनुष्य आपल्या माहितीत उरला आहे काय?

खरी हानी येथे आहे. गाडी शंभर वर्षे टिकेल, पण कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारा मिस्त्री आपली विद्या कोणास देणार? कोल्हापुरात या विद्येस मान मिळाला. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा तेथेच स्वहस्ते घडविला, आणि शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळांनी व लेथांनी त्या शहरास नाव मिळवून दिले. आपल्या वर्गाने मात्र मुलास यंत्रशास्त्राची पदवी देववली आणि हातास तेल लागणे कमीपणाचे मानले. पुस्तकात एंजिनाचे चित्र काढणारा मुलगा दारातील स्कूटरचा प्लग काढू शकत नाही, ही विद्या अपुरी नव्हे काय?

आमची सूचना साधी आहे. घरातील प्रत्येक वाहनाची एक वही असावी. खरेदीचा दिवस, प्रत्येक दुरुस्ती, बदललेला भाग आणि ती दुरुस्ती करणाऱ्याचे नाव तीत लिहावे. येत्या खंडेनवमीस पूजेच्या पाटावर पान्यांबरोबर ती वहीही ठेवावी, आणि घरातील एका मुलास वा मुलीस पुढील सुट्टी त्या मिस्त्रीच्या हाताखाली काढू द्यावी.